तापानंतर आठवड्याभरात मुलीला टाइप 1 मधुमेह निघाला. व्हायरसमुळे झाला का?

व्हायरसचा हात असू शकतो, पण गेल्या आठवड्यातल्या तापाने मधुमेह झाला असं बहुधा नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते ते काही महिने, कधी कधी काही वर्षं आधीच. तापात इन्सुलिनची गरज वाढते आणि लपलेला आजार उघडा पडतो.

सगळ्यात जास्त संशय आहे तो एंटेरोव्हायरसवर (आतड्यात वाढणारे व्हायरस), त्यातही कॉक्सॅकी बी गटावर. 1979 मध्ये अमेरिकेत मधुमेहाने दगावलेल्या 10 वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी 4 वेगळा काढला होता. तो टोचल्यावर उंदरांचीही साखर वाढली. ‘टेडी’ या मोठ्या अभ्यासात लहान मुलांच्या शौचाचे नमुने दर महिन्याला तपासले. 2019 च्या निष्कर्षानुसार, ज्यांच्यात एंटेरोव्हायरस बी (कॉक्सॅकी बी याच प्रकारात मोडतो) बराच काळ टिकून राहिला, त्यांच्यात बीटा पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटल्याची खूण, जास्त आढळल्या.

मात्र हा संबंध आहे, पक्का पुरावा नव्हे. हे व्हायरस असंख्य मुलांना होऊन जातात. मधुमेह फार थोड्यांना होतो, आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. तेव्हा ‘तापाकडे आमचं दुर्लक्ष झालं’ हा अपराधीपणा मनातून काढून टाका. आणि पुढच्या आजारपणात ती जेवली नाही तरी इन्सुलिन परस्पर बंद करू नका. डोस डॉक्टरांना विचारून ठरवा.