वाखरीहून पुढे जाऊ नकोस

बाळा,

राम कृष्ण हरी.

तुझं पत्र मिळालं. तुम्ही चौघं नातेपुत्यात माऊलींच्या पालखीला गाठणार आणि तिथून पंढरपूरपर्यंत चालणार, हे वाचून फार आनंद झाला. आळंदीपासून सगळी वाट चालायला १७-१८ दिवसांची सुट्टी कुणाला मिळते? तेव्हा मधूनच सामील होतोय याचं वाईट वाटून घेऊ नकोस. नातेपुत्यापासून ७० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि हाताशी पाच दिवस आहेत. तुम्हाला झेपेल.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, दशमीला पहाटेच वाखरीहून पुढे निघून दर्शनाची रांग धरावी असं तुमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे, आणि बाकीच्या दोघांना ते पटत नाही. मग काय करावं, असं विचारलंयस. माझं उत्तर आहे: जाऊ नका. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी मुक्काम नीट बघ. नातेपुते ते माळशिरस, माळशिरस ते वेळापूर, वेळापूर ते भंडीशेगाव. हे तीन दिवस रोजची चाल साधारण १८ ते २१ किलोमीटरची. त्यानंतर भंडीशेगाव ते वाखरी, जवळपास त्याच्या निम्मी. आणि वाखरी ते पंढरपूर त्याहूनही कमी. एकटा माणूस झपझप निघाला तर दीड तासात पोचेल. पालखीला तेवढ्यासाठी दिवस लागतो. दिवे घाट चढून, नीरा ओलांडून, उन्हापावसात एवढी वाट तुडवून आलेली लाखभर माणसं पंढरपूर हाकेच्या अंतरावर आल्यावर पावलं आखडती घेतात. मला पहिल्या वर्षी हे अजिबात उमजलं नव्हतं.

कारण साधं आहे, ते सगळ्यांसाठी थांबतात. देहूहून तुकोबांची पालखी अकलूजच्या बाजूने येते. सासवडहून सोपानकाका, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथ, पैठणहून नाथमहाराज, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई. एवढ्या वेगवेगळ्या वाटा वाखरीच्या पालखीतळापाशी एक होतात. दशमीला पंढरपुरातून नामदेवरायांची पालखी त्यांना न्यायला सामोरी येते. मग क्रमाने एकेक पालखी निघते आणि त्यात माऊलींची पालखी सगळ्यांच्या शेवटी असते. ज्यांच्या नावाने तू टाळ वाजवत जाणार, त्यांचा मान शेवटून पंढरीत शिरण्याचा आहे. त्यांच्या पुढे पळून रांग धरायची म्हणजे काय, याचा तुम्ही चौघांनी बसून विचार करा.

धावायला मनाई आहे असं मात्र नाही. वेळापूरच्या अलीकडे एक उतार लागतो. तिथून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेची आठवण आहे. तिथे सगळ्या दिंड्या धावतात, त्याला धावा म्हणतात. ऐंशीच्या घरातले बाबा पताका खांद्यावर टाकून पळताना बघशील. तिथे मनसोक्त धाव. तुझी धावायची जागा ती.

आता माझं सांगते. हे मी फार कमी जणांना सांगितलंय.

आम्ही चौघी मैत्रिणी होतो, तुमच्याच वयाच्या. माळशिरसला सामील झालो. चौघींतल्या एकीला दुसऱ्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड आले, कारण तिने खास वारीसाठी नव्या चपला घेतल्या होत्या. वेळापूर ते भंडीशेगाव हा दिवस मोठा. सकाळी ठाकूरबुवांच्या समाधीपाशी गोल रिंगण, दुपारी तोंडले-बोंडले, मग टप्पा नावाच्या ठिकाणी माऊली आणि सोपानकाकांच्या पालख्यांची बंधुभेट, तेव्हा कुठे संध्याकाळी मुक्काम. दिवसभर ती मागे पडत होती आणि मी चिडत होते. बंधुभेटीपर्यंत पोचायचंच म्हणून आम्ही दोघी तिला टाकून पुढे गेलो. दोन भाऊ भेटतात ते बघायला मैत्रिणीला मागे सोडून गेले मी. तेव्हा हे ध्यानातही आलं नाही.

रात्री राहुटीत आमच्या दिंडीतल्या एका आजींनी तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. कोमट पाण्याने धुतला. बॅटरी तोंडात धरून टाचेत रुतलेला काट्याचा कण चिमटीने काढला. फोडाची कातडी ओढली नाही, तशीच राहू दिली, आणि जुन्या धुवट लुगड्याची पट्टी फाडून सैलसर बांधली. पायाची बोटं एकेक करून पुसली. सगळं झाल्यावर त्याच पावलावर त्यांनी डोकं टेकवलं. वीस वर्षांच्या पोरीच्या पायावर सत्तरीची बाई! मैत्रीण एकदम पाय मागे घ्यायला गेली तर म्हणाल्या, "राहू दे माऊली, चालून आलेत ते." मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला वाटलं, किती छान. आणि सकाळचं लवकर उठायचं म्हणून कूस बदलून झोपले.

वाखरीहून मी आणि दुसरी एक जण पहाटे अडीचलाच निघालो. रांग दर्शनरांगेच्या पत्राशेडपासून मैलोगणती मागे गेलेली होती. तो दिवस, ती रात्र आणि एकादशीची दुपार आम्ही रांगेत काढली. विठोबाच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा मागून हात आला आणि पुढे सरकवलं. मी त्या क्षणाची अवहेलना करत नाही. तो क्षण खरा होता आणि आजही डोळ्यांपुढे आहे. पण पौर्णिमेला गोपाळपूरला काल्यासाठी आम्ही चौघी परत भेटलो, तेव्हा ती लंगडी मैत्रीण इसबावीचं शेवटचं उभं रिंगण, आजींचा हात धरून चाललेली वाट, अंधारात शहराचे दिवे दिसल्यावर दिंडीतल्या पुरुषांचे भरून आलेले आवाज, हे सगळं सांगत राहिली. तासभर सांगत होती. तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर मी कितीतरी वाऱ्या केल्या, पण चौघींची ती एक वाट परत मिळाली नाही.

म्हणून तुम्हा चौघांसाठी एक सुचवते. रोजच्या मुक्कामी पालखी तळावर पोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला जातो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि एका क्षणात एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग तिच्यापाशी जाऊन ऐकून घेतात, तोडगा काढतात. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मग आरती होते. मुक्कामाला पोचलीस की ही आरती एकदा तरी जवळून बघच. आणि तुमच्या राहुटीत रोज झोपण्याआधी चौघांनी असंच बसा. ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने बोलावं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालू नये. चालणाऱ्यांची भांडणं भुकेतून, उन्हातून आणि ओल्या मोज्यांतून निघतात. त्याच रात्री बोललं तर मिटतात, दुसऱ्या दिवसावर गेली की चिघळतात.

चालताना चौघांचा वेगळा घोळका करू नका. दिंडीत ओळी असतात. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, त्यांच्यामागे विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. दिंडीप्रमुख सांगतील त्या ओळीत उभी राहा, मैत्रीण पलीकडच्या ओळीत गेली तरी हरकत नाही. शेजारच्या माणसाचं पाऊल बघ आणि त्याच्याशी आपलं पाऊल जुळव. त्यातच तुला गती सापडेल. पहिले दोन तास फार सावकाश वाटेल. दुपारी त्याच चालीचे आभार मानशील. दिंडीला आडवी छेदून कधी जाऊ नकोस, विणेकऱ्यांच्या पुढून तर नाहीच. अभंग पाठ नसले तरी चालतं, धृपद दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा आपोआप ओठांवर येतं.

रिंगणाबद्दल एक. भंडीशेगावहून वाखरीला जाताना बाजीरावाच्या विहिरीपाशी उभं आणि गोल अशी दोन्ही रिंगणं होतात. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या धावतात, विणेकरी, पखवाजवाले धावतात, आणि शेवटी अश्व. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणीच नसतं, त्यावर माऊली बसलेत अशी भावना. तो रिकाम्या पाठीचा घोडा वाऱ्यासारखा समोरून जातो तेव्हा फोन खाली ठेव. टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात, तेव्हा तू पुढे घुसू नकोस. गर्दी पांगल्यावरही माती तिथेच असते.

पायांचं आणि सामानाचं थोडक्यात सांगते. दिंडीप्रमुखांशी आत्ताच बोलून भिशी, म्हणजे जेवणाराहण्याची वर्गणी, भरून टाका, आयत्या वेळी राहुटीत जागा मिळत नाही. पायात वापरून मऊ झालेलंच काही घाला. सुती मोज्यांच्या तीन जोड्या ठेव आणि दुपारच्या विसाव्याला मोजे बदल. पावसासाठी मेणकापड, स्वतःचं ताट आणि पेला, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या. जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाक. वाखरीत माणसांच्या गर्दीने फोन लागत नाही, तेव्हा दिंडीचा क्रमांक आणि ती रथाच्या पुढची की मागची, हे चौघांनी पाठ करा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. हरवलात तर कुणाही वारकऱ्याला ते सांगा, तो हाताला धरून आणून सोडेल. टँकरपाशी बायका अंघोळ करत असतात, कपडे बदलत असतात. तिथे तुमच्यातल्या कुणीही फोन काढायचा नाही, आणि कुणी काढताना दिसला तर त्याला अडवायचं. हे माझं तुम्हा चौघांना निक्षून सांगणं आहे.

पंढरपुरात पोचल्यावर चंद्रभागेत उतरा, पुंडलिकाला हात जोडा, आणि मग महाद्वारापाशी जा. पायावर डोकं ठेवायची रांग यात्रेत दिवसदिवस चालते. असंख्य वारकरी ती धरतच नाहीत. कळसाला हात जोडतात, नामदेव पायरीवर माथा टेकतात आणि त्यांची वारी पोचते. त्या पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे, तिच्यापाशी जरा थांब. ज्या देवळात त्यांना पाऊल टाकू दिलं नाही, त्याचं दार त्यांच्या माणसांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषण केलं, तेव्हा कुठे ते दार उघडलं. चोखोबांनी आयुष्यभर कळसच पाहिला. आपल्याला आत जायला मिळालं नाही म्हणून कुणी हळहळायला लागलं की मी त्याला त्या समाधीपाशी घेऊन जाते.

रांग धरायचीच असेल तर एकादशीची गर्दी ओसरल्यावर, चौघांनी मिळून धरा. परतीचं तिकीट पौर्णिमेनंतरचं काढ. एकादशीला रात्रीच गाड्या भरून माणसं निघून जातात आणि गोपाळपूरचा काला त्यांचा राहून जातो. काल्यात एकमेकांच्या तोंडात लाह्या-दही भरवतात, उराउरी भेटतात, आणि मग पालख्या परत फिरतात. एवढं चालून आल्यावर मित्रांच्या गळ्यात पडायची जागा तीच आहे.

त्या दोघांना हे पत्र वाचायला दे. रागावून पुढे गेले तरी त्यांच्याशी अबोला धरू नकोस, गोपाळपूरला त्यांच्यासाठी थांब.

निघण्याआधी एकदा घरी येऊन जा. माझे टाळ काढून ठेवलेत. दोरी जुनी झाली होती, ती परवाच बदलली. नवी दोरी पहिला दिवस बोटाला काचते, तेव्हा सोबत कापडाची चिंधीही ठेवली आहे.

तुझी,
मावशी