भाड्यात वीजबिल धरलेले, मग सरकारचे 400 पौंड कोणाचे?

प्रश्न: सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 मी लेस्टरमध्ये चौघांच्या घरात एका खोलीत भाड्याने राहत होतो. भाडे महिना 450 पौंड, गॅस-वीज त्यातच. विजेचे मीटर एकच, घरमालकाच्या नावावर. नोव्हेंबर 2022 पासून ‘बिले वाढली’ असे सांगून त्याने प्रत्येकाचे भाडे 30 पौंडांनी वाढवले. त्या हिवाळ्यात ब्रिटिश सरकारने प्रत्येक घराला वीजबिलासाठी दिलेल्या 400 पौंडांतले आम्हाला काहीच मिळाले नाही. आता विचारले तर म्हणतो, ‘बिल माझ्या नावावर, पैसे माझे.’ घर सोडून बराच काळ लोटला. काही करता येईल का?

उत्तर: करता येईल. घर सोडल्याने तुमचा हक्क बुडत नाही, आणि ‘बिल माझ्या नावावर’ हे तर कायद्याने उत्तरच नव्हे. एनर्जी प्राइसेस ॲक्ट 2022 खालचे नियम 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू झाले ते नेमक्या अशाच घरांसाठी. मदत मालकाच्या खात्यात जमा होत होती, पण वीज वापरत आणि तिचे पैसे भरत होता तो भाडेकरू. म्हणून मालकाने त्यातला ‘न्याय्य आणि वाजवी’ वाटा भाडेकरूपर्यंत पोचवला पाहिजे. मदत मिळाली की 30 दिवसांत रक्कम किती, त्यातले तुम्हाला किती आणि ते कसे ठरवले, हेही लेखी कळवायला हवे होते. तुम्हाला असे काही आलेले दिसत नाही. ही चूक त्याची, आणि ती पत्रात आवर्जून लिहा.

आधी एक गोष्ट तपासा. हे 400 पौंड घरगुती वीजजोडणीलाच मिळाले: ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला 66, डिसेंबर ते मार्च दरमहा 67. मालकाच्या त्या काळातल्या बिलांवर किंवा डायरेक्ट डेबिटमध्ये, म्हणजे बँकेतून आपोआप जाणाऱ्या हप्त्यात, हे आकडे दिसतील. ‘हातात पैसे आलेच नाहीत, नुसता हप्ता कमी झाला’ असे तो म्हणाला तरी तो लाभच. मात्र जोडणी व्यावसायिक असेल तर मालकाला हे 400 मिळालेलेच नसणार. अशा घरात राहणाऱ्यांनी मदतीसाठी स्वतः अर्ज करायचा होता आणि ती मुदत 31 मे 2023 ला संपली. मग व्यवसायांना सरकारने विजेच्या दरात दिलेल्या सवलतीतला वाटा मागणे एवढेच उरते.

आता रक्कम. मदत घरामागे होती, माणसामागे नव्हे. चौघे सहाही महिने राहिला असाल तर तुमचा वाटा 100 पौंड. 400 मागू नका. अवाजवी आकडा पाहिला की समोरचा आणि न्यायाधीश दोघेही बाकीच्या मुद्द्यांकडे संशयाने बघतात.

हे 100 पुरते मिळतील का? बिलासकट भाड्यात खरी गोम इथेच आहे. वाढलेल्या बिलांचा बोजा मालकाने स्वतः सोसला असेल तर मदतीतला काही भाग, प्रसंगी सगळीच मदत, ठेवून घेणेही वाजवी ठरू शकते. पण तुमच्याकडून त्याने नोव्हेंबर ते मार्च 150 पौंड जास्त घेतले, चौघांकडून मिळून 600. त्याची बिले आदल्या हिवाळ्यापेक्षा 600 नेच वाढली असतील तर बोजा तुम्हीच उचललात आणि 400 पूर्ण तुम्हा चौघांचे, म्हणजे तुमचे 100 पुरते. बिले 1000 ने वाढली असतील तर तुमचा दावा बराच लंगडा पडतो. म्हणून दोन्ही हिवाळ्यांची बिले मागा. वाटा वाजवी कसा, हे दाखवण्याची जबाबदारी त्याची आहे, तुमची नाही.

पत्र इंग्रजीत, ईमेलने आणि टपालानेही पाठवा. पत्ता, राहण्याचा काळ, भाडेवाढीची तारीख, 100 पौंडांचा हिशेब आणि बिलांची मागणी एवढेच लिहा, उत्तराला 14 दिवस द्या. सोबत भाडेकरार, बँकेच्या नोंदी आणि भाडेवाढीचा मेसेज जोडा. तो मेसेज फोनमध्ये असेल तर आजच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसेल असा. ‘बिले वाढली म्हणून’ हे त्याचेच शब्द तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत. मालकाचे पूर्ण नाव माहीत नसेल तर लँड रजिस्ट्रीत घराचा उतारा ऑनलाइन काढता येतो.

उत्तर आले नाही तर काउंटी कोर्टात ऑनलाइन दावा लावा. 300 पौंडांपर्यंतच्या दाव्याचे शुल्क 35 पौंड. जिंकलात तर तेही वसूल होते, शिवाय रकमेवर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याज. मालकाने दावा नाकारला तर आधी फोनवर मोफत मध्यस्थी होते आणि ती टाळता येत नाही. इतक्या छोट्या रकमेचे वाद तिथे मिटू शकतात. 80 वर तडजोड होत असेल तर मी ती घ्या म्हणेन.

मुदत सहा वर्षांची. पहिला हप्ता ऑक्टोबर 2022 चा, म्हणून दावा सप्टेंबर 2028 संपायच्या आत दाखल झालेला बरा. नुसते पत्र पाठवून मुदत थांबत नाही.

बाकीच्या तिघांनाही कळवा. प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र आहे. त्यांच्यापैकी कोणी अजून तिथेच राहत असेल तर त्याला एवढे जरूर सांगा की 100 पौंड परस्पर भाड्यातून कापून घेऊ नकोस. भाडे थकवल्याचा ठपका आला तर त्याचेच घर धोक्यात येईल.