खुर्च्या लावणाऱ्याला मोठी सेवा कधी मिळणार?

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी बरीच वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासनेच्या आधी खुर्च्या लावतो, गीतपुस्तकं ठेवतो आणि नंतर दानाचे पैसे मोजून वहीत लिहितो. आता तरुण संघाचा लीडर निवडायची वेळ आली तर माझ्या कितीतरी नंतर आलेल्या भावाला निवडलं, कारण तो छान बोलतो. मग 'जो अगदी थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू' हे वचन माझ्या बाबतीत कधी खरं होणार?

उत्तर : भाऊ, सलाम. इतकी वर्षं कोणी न सांगता राबायचं आणि निवडीच्या वेळी आपलं नावही कोणाच्या तोंडी येऊ नये, हे मनाला लागतंच, त्यात तुमचा विश्वास कमी पडला असं काही नाही.

आता ते वचन मागचंपुढचं धरून वाचा. बायबलमधल्या लूक १६ मध्ये येशू हे बोलतो ते अन्यायी कारभाऱ्याचा दाखला सांगून झाल्यावर, म्हणजे विषय पैशाचाच चाललाय आणि १२व्या वचनात तर तो दुसऱ्याच्या मालाविषयी विश्वासू राहण्याबद्दल विचारतो. मंडळीचं दान मोजणारा माणूस नेमका याच जागी बसलेला असतो. तुम्ही ते खुर्च्यांच्या रांगेत घालून टाकलंय पण प्रेषित पौलाला ते काम किरकोळ वाटलं नव्हतं. २ करिंथ ८ मध्ये बघा, यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी दान जमवताना त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, का तर एवढ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, प्रभूसमोर तर व्यवहार चोख हवाच पण माणसांसमोरही हवा.

मला या बाबतीत योसेफाची तुरुंगातली एक सकाळ फार महत्त्वाची वाटते. उत्पत्ती ४० मध्ये फारोचा, म्हणजे मिसरच्या राजाचा, प्यालेबरदार (द्राक्षारसाचा प्याला देणारा) आणि आचारी दोघांना रात्री स्वप्नं पडतात, सकाळी योसेफ आत येतो आणि विचारतो, आज तुमची तोंडं अशी का उतरलीत? आता हा स्वतः काही गुन्हा न करता आत पडलेला, भावांनी विकलेला, त्याने कोणाच्या तोंडाकडे बघितलंच नसतं तरी कोण काय बोलणार होतं! पण ते दोघे त्याच्या देखरेखीखाली होते ना, म्हणून त्याचं लक्ष गेलं. त्या एका प्रश्नातून पुढे स्वप्नांचा अर्थ निघाला आणि शेवटी फारोचा दरबार. आणि तेही लगेच नाही हं, प्यालेबरदार सुटला तो याला साफ विसरला, पूर्ण २ वर्षं गेली. विकला गेला त्या सुमाराला योसेफ १७ वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० चा. पुढे ७ वर्षं धान्य साठवायचं आणि मग ७ वर्षं दुष्काळात लोकांना जगवायचं, एवढं मोठं काम आलं त्याच्याकडे. कैद्याचं उतरलेलं तोंड ज्याला दिसत होतं त्याला भुकेला माणूस दिसणारच की. मला वाटतं येशू जे म्हणतो ते असंच घडतं, लहान कामात जी नजर तयार होते तीच मोठ्या कामाला लागते.

पण खरं सांगू का, सगळ्यांचं योसेफासारखं होत नाही आणि मी तुम्हाला तसं आश्वासन देणार नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटणीसाठी ७ जण निवडले, त्यातला स्तेफन पुढे साक्ष देता देता मेला, फिलिप्पाने कूशी अधिकाऱ्याला यशया संदेष्ट्याचं पुस्तक उलगडून सांगितलं, पण तीमोन आणि पार्मिना यांचं नाव बायबलमध्ये परत कुठेच येत नाही. तरी विधवांना जेवण तर मिळालंच असेल ना त्यांच्या हातून! मत्तय २५ च्या दाखल्यात धनी आपल्या चाकरांकडे पैसे सोपवून जातो, आणि परत आल्यावर ५ तालांतवाल्याला आणि २ तालांतवाल्याला अगदी सारखीच शाबासकी देतो, शब्दसुद्धा तेच. आणि १ तालांत म्हणजे मजुराची साधारण ६००० दिवसांची मजुरी, तरी धनी त्याला 'थोडक्या गोष्टी' म्हणतो, तेव्हा लहान काय नि मोठं काय हे आपण आपल्या मापाने ठरवू नये असं मला वाटतं.

मंडळीचंही चुकतं हे मी म्हणणारच. १ तीमथ्य ३:१० मध्ये सेवकांची आधी पारख करा असं सरळ लिहिलंय, आणि नुसतं माईकवर ऐकून पारख होत नाही. पण त्या नव्या भावाने काही तुमचं हिसकावून घेतलेलं नाही, त्याच्यावर राग धरू नका.

तुम्हाला खरंच तरुणांना शिकवायची ओढ असेल तर पाळकांना भेटून स्पष्ट सांगा, आपणहून मागणं म्हणजे गर्व नाही. सुरुवातीला एखादा छोटा बायबल अभ्यास घ्यायला मागा. आणि दान मोजायला अजून एक जण सोबत घ्या, दोघांच्या सह्या होऊ देत वहीत.

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मीच बघते. मंडळीत काहीच सेवा करता येत नाही, याचं फार ओझं वाटतं.

उत्तर : अगं बाई, ही सेवाच आहे! 'मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात' असं प्रभू स्वतः म्हणतो, आणि १ तीमथ्य ५:४ मध्ये पौल घरच्यांचं आधी करायला सांगतो. फक्त एकटीने करू नकोस. मंडळीतल्या महिला संघाला सांग, आठवड्यातून एक दुपार कोणीतरी त्यांच्याजवळ बसू दे आणि तेवढा वेळ तू झोप.