ईएफ ६० टक्के आहे, तरी इकोमध्ये ‘एलए डायलेटेड’ का लिहिलंय?

तुमच्या वडिलांना एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित करणारा आजार), निघालंय. रिपोर्टमध्ये ईएफ ६० टक्के आणि त्याखाली ‘एलए डायलेटेड, ए वेव्ह ॲबसेंट’, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा फुगलाय आणि ‘ए’ नावाची लहर दिसत नाही. पंपिंग चांगलं आहे तर बिघडलंय काय, आणि तो कप्पा पूर्ववत होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी रोज इको करते. पेशंट ईएफचा आकडा वाचून निश्चिंत होतात आणि खालची ओळ वाचतच नाहीत, याची मला नेहमी काळजी वाटते. तुम्ही ती वाचलीत, फार बरं केलंत.

ईएफ हा खालच्या डाव्या कप्प्याचा, निलयाचा हिशेब आहे: भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त तो दर ठोक्याला बाहेर फेकतो. एएफ हा वरच्या कप्प्यांचा, अलिंदांचा आजार. डावं अलिंद (रिपोर्टमधलं एलए) फुफ्फुसांकडून आलेलं रक्त साठवून ठेवतं, दोन्ही कप्प्यांमधली झडप उघडली की खाली सोडतं, आणि शेवटी स्वतः आवळून उरलेलं रक्त निलयात ढकलतं. निलयात भरणाऱ्या रक्तापैकी साधारण २० ते ३० टक्के या शेवटच्या धक्क्याने येतं.

या झडपेवर डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी इकोची पद्धत) लावला की स्क्रीनवर दर ठोक्याला दोन उंचवटे दिसतात, आधी ‘ई’, मग ‘ए’. ‘ए’ म्हणजे हाच धक्का. एएफमध्ये अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० विद्युत लहरी उठतात. भिंत नुसती थरथरते, ढकलत नाही. मग स्क्रीनवर उरतात फक्त ‘ई’: एक उंच, एक बुटका, कधी जवळजवळ, कधी लांब. म्हणून एएफमध्ये मी एका ठोक्यावर माप घेत नाही, निदान पाच ठोक्यांची सरासरी काढते. वयामुळे किंवा बीपीमुळे निलय कडक झालं असेल तर त्याला या धक्क्याची गरज जास्त. अशा पेशंटना ईएफ उत्तम असूनही जिना चढताना धाप लागते.

आता आकार. अलिंदाच्या मागे पाठीचा कणा आणि पुढे छातीचं हाड, त्यामुळे पुढे-मागे पसरायला जागा कमी. ते वर-खाली आणि आडवं फुगतं, हळूहळू चेंडूसारखं गोल होतं. म्हणूनच सेंटीमीटरमधलं एकच माप फसवू शकतं. ‘एलए व्हॉल्यूम इंडेक्स’ बघा: शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलिलीटरपर्यंत नॉर्मल, ४८ च्या वर बरंच मोठं. कप्पा फुगला की झडपेची कडाही ताणली जाते आणि झडप निरोगी असूनही गळू लागते.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती अलिंदाला लागून असलेल्या छोट्या पिशवीची, अपेंडेजची. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये डाव्या अलिंदातल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या तिथेच होतात. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत ही पिशवी जवळून दिसते. रक्त मंदावलं असेल तर आत धुरासारखे लोट सावकाश गोल फिरताना दिसतात. ते एकदा पाहिल्यावर रक्त पातळ करणारी गोळी का द्यायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पूर्ववत होईल का? बऱ्याचदा काही प्रमाणात होतं, पण वेळ महत्त्वाचा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी १९९५ मध्ये शेळ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीला एएफ काही सेकंदांत आपोआप थांबायचं. ते पुन्हा पुन्हा सुरू करत राहिल्यावर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक शेळ्यांमध्ये दिवसभर थांबेना. एएफमुळे अलिंद बदलतं आणि बदललेलं अलिंद एएफला धरून ठेवतं. ठोके लवकर ताळ्यावर आले आणि बीपी आटोक्यात राहिलं, तर कप्पा थोडाफार आक्रसतो. भिंतीत व्रणासारखे तंतू जास्त झाले असतील तर ती आशा कमी.

एक गोष्ट मात्र वडिलांना नक्की सांगा. शॉक देऊन ठोके नियमित झाले, ईसीजी सुंदर आला, तरी अलिंद काही दिवस, कधी काही आठवडे बधिरच असतं. म्हणून त्यानंतर किमान चार आठवडे ती गोळी चालूच ठेवतात. पुढे चालू ठेवायची का, हे ईसीजीवर नाही तर वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू देऊ नका.

रिपोर्टमध्ये व्हॉल्यूम इंडेक्स असेल आणि झडपेच्या गळतीबद्दल काही लिहिलं असेल तर खाली कळवा, त्याचा अर्थ सांगते.