प्रत्येक वाक्य एकदाच

प्रिय मैत्रिणी,

तुझी मेल आणि सोबतचा पहिला प्रवेश, दोन्ही वाचलं. नाटक चांगलं होईल का, असं तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. तुझी अडचण नेमकी आहे. निम्मं नाटक मराठीत आणि निम्मं जर्मनमध्ये झालं, तर निम्म्या प्रेक्षकांना निम्मं नाटक कळणार नाही. त्यावर तुझ्या जर्मन जोडीदारानं उपाय सुचवला आणि तू तो मानलास. एक पात्र मराठीत म्हणतं, "बाबा उद्या येणार नाहीत." लगेच दुसरं पात्र जर्मनमध्ये विचारतं, "काय? बाबा उद्या येणार नाहीत?" पानामागून पान हेच.

तो प्रवेश बाजूला ठेव आणि नव्यानं लिही.

रंगमंचावर माणूस बोलतो ते त्याला कुणाकडून तरी काहीतरी हवं असतं म्हणून. तेच वाक्य दुसऱ्या भाषेत पुन्हा आलं की ते पात्राचं राहत नाही, पाचव्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाच्या सोयीचं होतं. नटाला हे पहिल्या वाचनातच जाणवतं. त्याचा आवाज सपाट होतो, नजर समोरच्या नटावरून सुटून प्रेक्षागृहात जाते. तू कितीही चांगली दिग्दर्शक असलीस तरी ती नजर परत आणता येणार नाही, कारण दोष संहितेत आहे. म्हणून सांगते, प्रत्येक वाक्य एकदाच. आणि ते याच भाषेत का, याचं उत्तर पात्राकडे हवं.

आंतरराष्ट्रीय सहयोग आणि द्विभाषिक नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या मेलमध्ये त्यांची सरमिसळ झाली आहे. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांचं 'महाभारत' 1985 मध्ये फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात झालं. नट कितीतरी देशांचे होते, पण बोलले सगळे फ्रेंच. 1987 मध्ये इंग्रजी प्रयोग आला तेव्हा सगळे इंग्रजी बोलले. दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ जर्मनीहून आले आणि विजयाबाई मेहतांबरोबर त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक मराठीत उभं केलं, 'अजब न्याय वर्तुळाचा'. पुढे विजयाबाईंनी जर्मन नटांना घेऊन 'शाकुंतल' आणि 'मुद्राराक्षस' जर्मनमध्ये बसवलं. बर्लिनचं ग्रिप्स हे मुलांचं नाटक पुण्यात आलं आणि अस्सल मराठी झालं. ही सगळी मोठी कामं आहेत, पण प्रेक्षकांसमोर येताना प्रत्येक नाटक एकाच भाषेत आलं. दुसरी भाषा तालमीत राहिली. तुला ती रंगमंचावर हवी आहे. तुझा प्रश्न त्यामुळे अधिक अवघड आहे, आणि त्यांच्या पद्धती तुला जशाच्या तशा चालणार नाहीत.

तुझ्या कामाचं उदाहरण कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं आहे. 1979 मध्ये तिथं 'बाल्कनव्हिल' नावाचं नाटक आलं. कामगार वस्तीतली इंग्रजी आणि फ्रेंच बोलणारी कुटुंबं, शेजारशेजारच्या बाल्कन्या, उन्हाळ्याचा उकाडा. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, कोण मुद्दाम बोलत नाही, यातच त्या शेजाराचं सगळं राजकारण आहे. भाषा तिथं प्रेक्षकांसाठी वाटून दिलेली नाही. ती माणसं तशीच बोलतात, म्हणून नाटक द्विभाषिक आहे.

तू म्हणशील, 2006 मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक टिम सपल यांनी शेक्सपियरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' इंग्रजीबरोबर तमिळ, मल्याळम, सिंहली, हिंदी, बंगाली, मराठी आणि संस्कृत अशा भाषांत केलं, ते कसं चाललं? 2012 मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपियरची 37 नाटकं 37 भाषांत झाली आणि पडद्यावर ओळीगणिक भाषांतर न देता फक्त प्रवेशाचा सारांश दिला, ते कसं चाललं? चाललं, कारण गोष्ट आधीपासून माहीत असलेले प्रेक्षक त्यात खूप होते. तुझं नाटक नवं आहे, तुला ती सवलत नाही. म्हणून प्रवेशात पहिलं वाक्य येण्याआधी कुणाला काय हवंय हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. दारात बॅग घेऊन उभा असलेला माणूस आणि बॅगेकडे बघणारी बाई. तेवढं दिसलं की पुढची दहा वाक्यं कुठल्याही भाषेत येऊ देत.

आमच्या नाटकातला एक प्रवेश सांगते. परदेशात मुलगा वारलेला. आई त्याचं सामान न्यायला त्याच्या जर्मन घरमालकिणीकडे येते. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही. आई एक शर्ट उचलते, घडी घालते, मराठीत म्हणते, "इस्त्रीचा कंटाळा होता त्याला." घरमालकीण कपाट उघडून जर्मनमध्ये म्हणते, "तीन महिन्यांचं भाडं राहिलंय, पण आता कसं मागू?" आई मान हलवते. तिला वाटतं, ही बाई मुलाबद्दल काहीतरी चांगलं बोलतेय. ती मालकिणीचा हात हातात घेते. मालकिणीला वाटतं, हिला भाड्याचं कळलं, आणि ती रडायला लागते.

हा प्रवेश मराठी प्रेक्षक एका तऱ्हेनं बघायचे, जर्मन प्रेक्षक दुसऱ्या. दोन्ही भाषा येणारे मोजके लोक खुर्चीत अवघडून बसायचे. मध्यंतरात अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची, "ती काय म्हणाली हो?" मला जे नाटक करायचं होतं ते तिथं, चहाच्या रांगेत, पूर्ण होत होतं.

सहनिर्मिती करणाऱ्या संस्थेला मात्र तो प्रवेश नको होता. त्यांचं म्हणणं, दोन्ही भाषा येणाऱ्या शेजाऱ्याचं एक पात्र घाला, प्रेक्षक गोंधळतात. मी नाही म्हणाले. मग पैसे थांबले, ठरलेला दौरा रद्द झाला आणि ज्या दिग्दर्शकाबरोबर मी ते नाटक उभं केलं होतं तो त्यांच्या बाजूनं उभा राहिला. त्याच्याइतका बारीक कानाचा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. पण तो दुभाषा शेजारी आत आला असता तर त्या दोघींना एकमेकींचा हात धरायचं कारणच उरलं नसतं. लोक म्हणतात, थोडं वाकली असतीस तर नाटक जगलं असतं. कुठलं नाटक? मी लिहिलेलं तर नव्हे. तू वाकू नकोस. प्रत्येक वाक्य एकदाच.

सरटायटल्स, म्हणजे रंगमंचावरच्या पडद्यावर भाषांतराच्या ओळी, लावायचे का, हाही तुझा प्रश्न आहे. जरूर लाव, मी त्याविरुद्ध नाही. 1983 मध्ये टोरंटोच्या ऑपेरात ते पहिल्यांदा आले आणि अनेकांना त्यामुळे ऑपेरा उघडला. पण कळत नसलेलं वाक्य जिथं कळू नये असंच तुला हवंय, तिथं पडदा कोरा ठेवायची हिंमत ठेव. आणि या ओळींच्या पाट्या चालवणारा माणूस रंगीत तालमीच्या दिवशी बोलावू नकोस, पहिल्या आठवड्यापासून बसव. ओळ अर्धा क्षण आधी पडली तर नटानं पॉझ घेण्याआधीच प्रेक्षक हसून मोकळे होतात आणि नट रिकाम्या हशावर उभा राहतो. नटांना वाक्यं बदलायची मुभा देणार असशील तर हे आधीच ठरव, कारण पाटी ठरलेल्या वाक्यामागूनच येते.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली: 'तालमी इंग्रजीतच होतील, सगळ्यांना सोयीचं.' सगळ्यांना म्हणजे कुणाला? इंग्रजी सफाईनं बोलणारा नट तिसऱ्या दिवशी तालमीचा पुढारी होतो आणि तुझी सगळ्यात चांगली नटी कोपऱ्यात गप्प बसते. सूचना तिला कळतात, पण शंका विचारता येत नाही, हरकत घेता येत नाही. मग दोन्ही भाषांतली वाक्यं आधी इंग्रजीत घडतात आणि रंगमंचावर येतात तेव्हा त्यांतली शिवी, लाड, टोमणा सगळं गळून गेलेलं असतं. तालमीसाठी दुभाषा नेम. त्याचं मानधन अंदाजपत्रकात नेपथ्याच्या वर लिही. तालमीला वेळ जवळपास दुप्पट लागेल, तो धर. तू माणूस वाचवायला निघाली आहेस आणि भिंती रंगवायला पैसे ठेवले आहेस, हे वाचून मला खरंच राग आला.

बाकीचं थोडक्यात. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, तेव्हा तालमी आणि दौरा एकाच मुक्कामात कोंबण्याआधी कॅलेंडर मांड. तालमीत घडलेल्या संहितेवर कुणाचा किती हक्क, तुमच्यानंतर दुसऱ्या कुणी ती करायची तर कुणाला विचारायचं, हे पहिल्या वाचनाआधी कागदावर आण. मैत्री आहे म्हणून टाळू नकोस. मैत्री आहे म्हणूनच कर.

आणि जोडीदाराला माझं नाव सांगून भांडू नकोस. त्याला तुझ्या प्रवेशातलं एकच पान घेऊन बसव. प्रत्येक वाक्यासमोर दोघांनी मिळून लिहा: हे कोण बोलतंय, समोरच्याला ते कळतं का, आणि कळू नये असं बोलणाऱ्याला वाटतंय का. ज्या वाक्यासमोर तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता येणार नाही ते दोन्ही भाषांतून काढून टाका. उरेल ते मला पाठव. पान अर्धंच उरलं तरी चालेल, वाचायला मी बसलेली आहे.

तुझी,
ताई