जवारीच्या दिवसाबद्दल लिही

प्रिय मावशी,
माझ्या आवडत्या गायिकेचे वडील पंधरा दिवसांपूर्वी वारले. लग्नाआधीपासून मी त्यांचं गाणं ऐकत आलेय. सांत्वनाचं पत्र लिहावं असं फार वाटतं, पण एवढ्या मोठ्या बाई त्या, मी कोण? चार ओळी लिहिल्यात, सोबत पाठवते. फेसबुकवर टाकू, मेसेज करू, की गप्प बसू? तशी थोडी ओळख आहे. त्यांचे वडील वर्षातून एकदा तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला माझ्या सासऱ्यांच्या दुकानात यायचे. दिवसभर बसायचे, डबाही तिथेच खायचे. चहा मीच द्यायची. पण ती काही सांगण्यासारखी ओळख नव्हे.
– एक चाहती, मिरज

सांगण्यासारखी नव्हे? अगं, तुझ्या अख्ख्या पत्रात सांगण्यासारखं तेवढंच आहे!

तुझा मसुदा वाचला. त्यांचा मारवा ऐकून तुझे डोळे भरून आले, बाळंतपणानंतरच्या वाईट दिवसांत त्यांच्या गाण्याने तुला सावरलं, त्यांनी लवकर पुन्हा मैफलीत यावं. सगळं खरं असेल. पण जिचा बाप गेलाय तिच्यापुढे आपली भक्ती मांडून काय उपयोग? वडील तुझ्या मसुद्यात शेवटच्या ओळीत येतात, तेही ‘आत्म्यास शांती लाभो’ म्हणण्यापुरते. आणि ते ‘लवकर पुन्हा गा’ आधी खोड. सुतकातल्या माणसाकडे काही मागू नये, गाणंसुद्धा.

तू सतारमेकरांच्या घरातली सून. जवारी म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. तंबोऱ्याची तार घोडीवर, म्हणजे ती जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, घासून घासून तिथे बारीक चर पडतात, मग नाद बसका होतो. कारागीर घोडीचा माथा पुन्हा घासून नीट करतो, तार चढवतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, ऐकतो, पुन्हा तार उतरवतो. कुणाला जवारी खुली, म्हणजे झणझणीत नादाची लागते, कुणाला बंद, म्हणजे गोलसर. ती गळ्यागळ्याप्रमाणे ठरते. म्हणूनच तंबोरा दुकानात टाकून संध्याकाळी न्यायला येतो म्हणणारी माणसं वेगळी आणि समोर बसून राहणारी वेगळी. ते गृहस्थ स्वतः गात नसतील, पण लेकीच्या गळ्याला काय हवं ते त्यांच्या कानात पक्कं होतं. ते बरोबर उतरेपर्यंत ते तिथून हलत नव्हते. डबासुद्धा दुकानातच उघडत होते.

आता विचार कर. हे त्यांच्या लेकीने पाहिलंय का? तिला घरी मिळायचा तो गवसणीतला तयार तंबोरा. मधला तो दिवस तिला माहीत नाही. तो तुझ्या सासऱ्यांना ठाऊक आहे आणि तुला.

तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी गेले. त्यानंतर त्यांचे चिरंजीव झाकीरभाई वर्षानुवर्षं त्या तारखेला मुंबईत अब्बाजींची बरसी, म्हणजे स्मृतिदिनाची मैफल, करत आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कलाकार तिथे हजेरी लावत. बाप स्वतः उस्ताद असला की त्याची आठवण सांगणारे शेकडो भेटतात. किशोरीताई आमोणकरांच्या आई, आपल्या गायिका मोगूबाई कुर्डीकर २००१ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांना ऐकलेली माणसं गावोगावी होती. पण तंबोरा दुलईत गुंडाळून एसटीने मिरजेला नेणाऱ्या बापाची बरसी कोण करणार? त्याच्याविषयी बोलायला येणारे बहुतेक लेकीच्याच गाण्याविषयी बोलून उठतात. मला या गोष्टीचा फार राग येतो.

‘मी कोण’ हा प्रश्न तुझ्या भिडेचा आहे, समजते मला. पण त्या भिडेपोटी तू गप्प बसलीस तर त्या बाईंच्या वाट्याचं काहीतरी तुझ्याकडेच राहून जाईल. ते तुझं नाही. देऊन टाक.

फेसबुक नको. मेसेजही नको, त्या ढिगात तो दिसायचाही नाही. कागदावर लिही, हाताने. ते कुठे बसायचे, भिंतीला टेकून की उंबऱ्यापाशी? डब्यात काय असायचं, तुला कधी घास दिला का? खर्जाची तार छेडली की डोळे मिटायचे का? मनासारखी जवारी लागली की काय म्हणायचे? लेकीबद्दल कधी काही बोलले असतील तर तेच शब्द, जसेच्या तसे. तुला आठवत नसेल ते सासऱ्यांना विचार. कारागीर माणूस वाद्य विसरत नाही आणि वाद्यासोबत आलेला माणूसही विसरत नाही. बाईंच्या गाण्याबद्दल अवाक्षर नको. तू चाहती आहेस हेसुद्धा नको. ‘मी अमुक दुकानातली सून, तुमच्या वडिलांना चहा द्यायची’ इथून सुरुवात कर. उत्तराची अपेक्षा नाही, हेही स्पष्ट लिही, म्हणजे त्यांच्यावर ओझं राहणार नाही.

पंधरा दिवस झाले म्हणून उशीर झाला असं मनात आणू नकोस. तेरावं आटोपलं की पाहुणे आपापल्या गावी जातात, फोन थांबतात. खरं तर आत्ताच वाचायला उसंत असते.

पत्ता कुठून आणू, असं विचारू नकोस. दुरुस्तीच्या पावतीपुस्तकात असेल. जुनी पुस्तकं काढ. तंबोरा नेताना त्यांनी स्थळप्रतीवर सही केलेली असेल, तर सासऱ्यांना विचारून त्यातली एक अलगद फाड आणि पत्रासोबत पाकिटात घाल. झेरॉक्स नको, मूळचीच. उद्या सकाळी पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने टाक.

– मावशी