जळगावात मुलाची ९० सीसी क्वाड (चार चाकांची बाइक) मातीच्या ट्रॅकवर उडी घेतल्यावर मागून उसळते. कार्ब्युरेटर ट्यून करावा का?

कार्ब्युरेटर राहू द्या, आधी मागचा शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मुलाच्या वजनाला सेट करा. धुळ्यात गॅरेजवर अशा गाड्या येतात, त्यात बहुतेक वेळा स्प्रिंगच जास्त कसलेली असते. हेल्मेट-बूट घालून मुलाला बसवा आणि मागचा भाग किती दबतो ते मोजा. एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या) साधारण एक तृतीयांश दबला पाहिजे. कमी दबत असेल तर प्रीलोडची रिंग (स्प्रिंग कसणारी) सैल करा. रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उसळतो ते ठरवणारा स्क्रू असेल (लहान गाड्यांना बऱ्याचदा नसतोच) तर एकेक क्लिक घट्ट करत बघा. मग टायरची हवा: ४-५ पीएसआय, टायर थंड असताना. पेट्रोल पंपावरच्या गेजवर एवढी कमी हवा नीट कळत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ बारीक, म्हणून फोमचा फिल्टर दर वेळी धुऊन, तेल लावून बसवा.

एक मात्र आहे: मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होऊन कार्ब्युरेटरमधलं मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त पडतं), तेव्हा लहान जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) चालतो. पण टू-स्ट्रोक असेल तर थंडीत मूळचा जेट परत टाका, नाहीतर पेट्रोल कमी पडून पिस्टन जाम होईल.